अपाय काय होणार?

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी धन्वंतरीपुढे धने-गुळाचा नैवेद्य ठेवायचा आणि वर्षभराचे आरोग्य मागून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या नवीन जालन्यात त्या संध्याकाळी आणखीही एक सोहळा होतो. पूजा आटोपते, चकलीचा पहिला घाणा ताटात येतो, शेजारीपाजारी जमतात, आणि बघता बघता प्रत्येकाच्या अंगात धन्वंतरी संचारतो. कुणाची साखर वाढलेली असते, कुणाचे गुडघे धरलेले असतात, कुणाचे ‘रक्त घट्ट झालेले’ असते. प्रत्येक दुखण्यावर कुणाच्या ना कुणाच्या जिभेवर पाला तयार असतो. आणि पाला सांगून झाला, की शेवटी हमखास एक वाक्य येते : “घेऊन तर पाहा! झाडपालाच आहे, अपाय काय होणार?”

माझे भांडण या वाक्याशी आहे. पाल्याशी नाही, आयुर्वेदाशी नाही, आजीच्या बटव्याशी तर मुळीच नाही. सणाच्या दिवशी कशाला हा विषय, असे कुणी म्हणेल. पण हे वाक्य सणाच्या दिवशीच सर्वांत मोकळेपणाने बोलले जाते, चकलीबरोबर खाल्ले जाते आणि पाडव्यापर्यंत पचलेलेही असते. म्हणून सणाच्याच दिवशी त्याचा समाचार घेणे भाग आहे.

आधी पाल्याचे देणे देऊन टाकतो. कुंडलिकेच्या अलीकडे नवीन जालना, पलीकडे जुने जालना, आणि दोहोंभोवती कापूस, सोयाबीन आणि मोसंबीची शेते. या शेतांत विळा बोटावर बसला नाही असा माणूस सापडायचा नाही. विळा लागला, की बाई काय करते? बांधावरचा दगडी पाला ओरबाडते, तळहातावर चोळते आणि हिरवा रस जखमेवर पिळते. थोड्या वेळात रक्त थांबते. कुणी त्याला एकदांडी म्हणतात, कुणी कंबरमोडी. शास्त्रज्ञ त्याला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स म्हणतात. प्रयोगशाळांतून त्याचा रस रक्तात मिसळून पाहिला गेला आहे आणि त्याने रक्त गोठायला लागणारा वेळ कमी होतो, असे एकाहून अधिक ठिकाणी आढळले आहे. तेव्हा ती बाई अडाणी आहे, असे म्हणण्याची माझी छाती नाही.

पण गंमत अशी, की याच पाल्याकडे बोट दाखवून “आमच्या ऋषिमुनींना हे हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होते,” असे छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटतात. दगडी पाला मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचा. तिथून तो जगभर पसरत आमच्या बांधावर आला. म्हणजे ऋषिमुनींच्या काळी तो या देशात नव्हताच! त्याचा गुण ओळखला तो कुणा ऋषीने नव्हे, तर विळ्याने बोट कापून घेतलेल्या कुणा शेतकरणीने. ते श्रेयही आपण तिच्याकडून काढून घेतो आणि दाढीवाल्याच्या नावावर चढवतो. असो.

आता मूळ प्रश्न. रस पिळला आणि रक्त थांबले. पण रसाने थांबले काय? शेतात पाटाला भगदाड पडले, म्हणजे दारे धरणारा गडी आधी हाताला येईल तो गवताचा बुचका त्यात कोंबतो आणि मग वरून चिखल लिंपतो. शरीरही नेमके हेच करते. रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या धावून येऊन भगदाडात एकमेकींना चिकटतात, हा झाला बुचका. मग रक्तातली प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी तंतूंचे जाळे विणले जाते, हा झाला चिखल. निरोगी माणसाच्या लहानशा जखमेत हे सारे काम काही मिनिटांत उरकते. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरले, तर आणखी लवकर. म्हणजे पाला आणायला, चोळायला आणि पिळायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात निम्मे काम होऊन गेलेले होते. पाल्याने हातभार लावला असेल. लावला असावा, असे मलाही वाटते. पण किती? हा प्रश्न विचारला, की लोकांना राग येतो.

काचेच्या नळीतल्या प्रयोगांचेही तसेच. पुष्कळ झाडांच्या सालीत आणि पानांत तुरट द्रव्य असते. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ते त्याच्याच जोरावर. हे तुरट द्रव्य रक्तात पडले, की प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि नळी आडवी केली तरी रक्त वाहत नाही. पाहणाऱ्याला वाटते, रक्त गोठले! आमच्या बायका यापेक्षा शहाण्या आहेत. लिंबू पिळून नासलेले दूध आणि विरजण लावून लागलेले दही यांतला फरक त्यांना न सांगता कळतो. दोन्ही घट्टच दिसतात. पण नासलेल्या दुधाला कुणी दही म्हणत नाही. वरच्या जखमेवर असे ‘नासवणे’ उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. परंतु तोच तुरट रस पेलाभर प्यायला, म्हणजे आतला रक्तस्राव तसाच थांबेल, हा निष्कर्ष कुठून आला?

उलटी गंमतही होते. पालकात ऑक्झलेट भरपूर असते. ते रक्तातला कॅल्शियम धरून ठेवते, आणि कॅल्शियमवाचून रक्त गोठत नाही. तेव्हा नळीत पालकाचा रस घालून पाहणारा विद्यार्थी “पालकाने रक्त पातळ होते” असे वहीत लिहून मोकळा होऊ शकेल. प्रत्यक्षात पालक पोटात गेला, की त्यातून के जीवनसत्त्व मिळते आणि ते रक्त गोठवायला मदत करते. नळीत एक, ताटात त्याच्या नेमके उलट! आणि आपण नळीतला निकाल वाचून ताट वाढतो.

सुश्रुताचे नाव घेतल्यावाचून ज्यांचा कोणताही वाद संपत नाही, त्यांनी सुश्रुत एकदा उघडून पाहावा, अशी माझी नम्र विनंती आहे. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात वाहते रक्त थांबवण्याचे चार उपाय दिले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. थंडाव्याने रक्त घट्ट करायचे. तेवढ्याने भागले नाही, तर तुरट द्रव्यांनी जखम सांधायची. तेही निष्फळ ठरले तर भस्म. आणि सारे थकले, म्हणजे शेवटी डागणी, जिने रक्तवाहिनी आकसते. पाहा, किती शिस्त आहे! एक उपाय चालला नाही तर दुसरा कोणता, त्यानंतर तिसरा कोणता, याचा क्रम आहे. आणि ‘चालला नाही’ हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणाही आहे. “झाडपालाच आहे, अपाय काय होणार,” असे हा शस्त्रवैद्य कुठे म्हणत नाही. त्याच्या भक्तांनी त्याची शिस्त तेवढी टाकली आणि नाव तेवढे ठेवले.

आता अपायाकडे येतो.

गोष्ट १९२० नंतरच्या काही वर्षांतली आणि अमेरिका-कॅनडाच्या गुराढोरांची आहे. तिकडे स्वीट क्लोव्हर नावाचा गोड वासाचा चारा गुरांना घालत. चारा उत्तम, गुरे आवडीने खात. पण ओलसर हवेत वाळलेला, बुरशी धरलेला चारा खाल्लेली गुरे पटापट मरू लागली. शिंगे कापली, की रक्त थांबेना. काही तर आतल्या आत रक्तस्राव होऊन गेली. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून १९० मैल गाडी हाकत आला. गाडीत मेलेली कालवड, शंभर पौंड कुजका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठलेले रक्त. कार्ल पॉल लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी त्याने ते आणून ठेवले. लिंक आणि त्याचे सहकारी पुढे सहासात वर्षे त्या चाऱ्याच्या मागे लागले आणि त्यांनी त्यातला मारेकरी वेगळा काढला : डायकूमरॉल. चाऱ्याला गोड वास ज्या द्रव्यामुळे येतो ते कूमरीन निरुपद्रवी. बुरशीने त्याचे रूप पालटले, की ते रक्त गोठू देत नाही. त्याच धाग्यावरून वॉर्फरिन तयार झाले. १९४८ साली ते बाजारात आले ते उंदीर मारायला! आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले ते औषध म्हणून. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिले होते.

ही कथा मी शेजाऱ्यांना सांगतो ती एवढ्यासाठी, की हा सारा झाडपालाच होता. गवत! गुरांच्या गव्हाणीतले गवत. नीट वाळवले तर चारा, ओलसर राहिले तर विष, मोजून घेतले तर औषध, न मोजता घेतले तर उंदरांचे काळ. आमच्या कृषी सेवा केंद्रांत उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनची जी वडी मिळते, ती याच घराण्यातली धाकटी बहीण. बियाण्याच्या गोदामात ती कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवलेली असते. तिला मात्र कुणी “अपाय काय होणार” म्हणत नाही.

आणि या विषावरचा उताराही गव्हाणीतलाच निघाला. कोपनहेगनच्या हेन्रिक डाम यांनी १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिलांना चरबीवाचूनचे खाद्य घालून पाहिले, तर पिलांच्या कातडीखाली रक्त साचू लागले. अन्नातले काहीतरी कमी पडत होते. त्याला त्यांनी १९३५ साली के जीवनसत्त्व हे नाव दिले, कारण रक्त गोठण्याच्या क्रियेला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे तो ‘के’पासून सुरू होतो. १९३९ साली ते शुद्ध रूपात हाती आले ते कशातून, ठाऊक आहे? लसूणघासातून! दुभत्या म्हशींना आपण घालतो त्या लसूणघासातून. डाम आणि अमेरिकेचे डॉइझी यांना या कामाबद्दल १९४३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा, पाल्यात काही गुण नाही, असे म्हणणारा मी नव्हे. पाल्यात गुण आहे म्हणूनच तर मी भितो. ज्याच्या अंगी गुण आहे त्याच्या अंगी अवगुणही असणारच. “गुण येईल, पण अपाय होणार नाही,” हे एकाच वस्तूबद्दल एकाच श्वासात बोलणे म्हणजे, विळा ऊस कापील पण बोट कापणार नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

मला हे पुस्तकात वाचून कळले असते, तर मी लेख लिहायला बसलो नसतो. आमच्या दाजींना, म्हणजे धाकट्या बहिणीच्या यजमानांना, लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप गेली होती. संभाजीनगरला शस्त्रक्रिया होऊन धातूची झडप बसली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका जन्मभर असतो. म्हणून वॉर्फरिनची गोळी जन्मभर. ती कमी पडली तर झडप अडकायची, जास्त झाली तर रक्त वाहायचे. म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासून एक आकडा काढतात. तुमचाआमचा तो एकच्या आसपास असतो. अशा झडपेच्या माणसाचा दोन ते तीन, फार तर थोडा वर, राखावा लागतो. तारेवरची कसरत म्हणतात ती ही.

सहा वर्षे ही कसरत नीट चालली होती. मग दारावर एक गृहस्थ आले. बोलायला गोड, कपाळाला गंध, हातात पिशवी. रक्त ‘नैसर्गिकरीत्या’ पातळ करणारे चूर्ण, गोळ्यांची गुलामी सुटेल, वगैरे. बहिणीने पुडी घेतली. तिचा हेतू वाईट असणे शक्यच नव्हते. तिने गोळी बंद केली नाही, एवढे शहाणपण तिने दाखवले. पण डॉक्टरांना सांगितले नाही, कारण ते रागावतील. आणि डॉक्टरांनीही कधी विचारले नव्हते. तीन आठवड्यांनी एका पहाटे दाजींच्या नाकातून रक्त सुरू झाले ते उशी भिजली तरी थांबेना. तपासले, तर आकडा आठाच्या वर! दवाखान्यात त्यांना काय दिले? के जीवनसत्त्व. लसूणघासातले ते. माणूस वाचला.

चूर्णात काय होते? विक्रेत्याच्या तोंडून ऐकलेले एवढेच, की लसूण, आले, हळद, दालचिनी आणि ‘एक गुप्त मुळी’. लसणातली काही द्रव्ये प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत, हे प्रयोगांत दिसले आहे. भाजीच्या फोडणीतला लसूण वेगळा आणि त्याचा आटवलेला अर्क गोळीच्या जोडीला घेणे वेगळे. पण दाजींचे रक्त चूर्णानेच वाहिले, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याच दिवसांत त्यांचे जेवणही तुटले होते, पालेभाजी पोटात जात नव्हती. त्यानेही आकडा चढतो. नेमके कशाने झाले ते आजतागायत कळलेले नाही. कळणार तरी कसे? पुडीवर नाव नव्हते, वजन नव्हते, तारीख नव्हती, काहीच नव्हते.

आणि हे कुठे घडले? जालन्यात! १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ज्या गावात महिको उभी केली आणि ज्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्या बियाण्यांच्या गावात. १९६६ च्या बियाणे कायद्याने पिशवीवर लेबल आले : कोणती जात, कोणता लॉट, शुद्धता किती, उगवण किती टक्के, तपासले कधी. आमचा शेतकरी त्यावरही विसंबत नाही. घरचे सोयाबीन पेरायचे असेल, तर मे महिन्यात तो ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करून ठेवतो आणि आठवड्याने कोंब मोजतो. सत्तर आले तर पेरायला हरकत नाही. कमी आले तर एकरी बियाणे वाढवतो. जमिनीच्या पोटात जाणाऱ्या दाण्याची ही एवढी चौकशी! आणि स्वतःच्या पोटात जाणाऱ्या चूर्णाची? “झाडपालाच आहे.”

माझी मागणी एवढीच आहे, की शंभर दाणे मोजा. दगडी पाल्याचेच घ्या. शंभर जखमा फडक्याने दाबून आणि शंभर पाला लावून किती वेळात थांबल्या, किती चिघळल्या, ते कुणीतरी बसून मोजा. बांधावरच्या पाल्याबरोबर मातीही जखमेत जाते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, तोही हिशेब मांडा. जालन्याच्या महाविद्यालयांत मुले हुशार आहेत, पाला तर पायाखाली आहे. तुर्कस्तानातल्या लोकांनी आपल्या पाच वनस्पतींचा अर्क असाच तपासून अँकाफर्ड नावाने बाजारात आणला. दात काढल्यावरचे रक्त थांबवायला तो तिकडे वापरतात. त्या पाचांत ज्येष्ठमध आहे, कुलिंजनाच्या जातीचे मूळ आहे, आणि द्राक्षवेलही आहे. द्राक्षवेल आमच्या कडवंचीला डोंगरभर पसरली आहे!

पावसाळा सरता सरता डेंग्यू येतो, तेव्हा तर या वाक्याला ऊत येतो. प्लेटलेट उतरल्या, की पपईच्या पानांचा रस, शेळीचे दूध, किवीची फळे यांच्यासाठी घरातली माणसे गावभर धावतात. पपईच्या पानांनी प्लेटलेट थोड्या लवकर चढतात, असे काही लहान चाचण्यांत दिसले आहे. माणसाचा जीव त्याने वाचतो, हे अजून कुणी दाखवलेले नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि बरे होताना आपोआप चढतात. खरा धोका असतो तो ताप उतरल्यानंतरच्या एकदोन दिवसांत. रक्तातले पाणी शिरांबाहेर झिरपू लागते, पोट दुखते, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. तेव्हा रुग्णाला लागते ते वेळेवर मोजून दिलेले पाणी आणि सलाईन. नेमके त्याच वेळी घरातली माणसे म्हणत असतात, “ताप उतरला, रस लागू पडला!” आणि तोच कडू रस घशाखाली ओतत असतात. याच तापात अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढतो, ही साधी गोष्ट मात्र दहातल्या दोघांना ठाऊक नसते. ॲस्पिरिनचे मूळही विलोच्या सालीतच. आपल्याकडचा वाळुंज त्याच कुळातला.

“आणि तुमच्या डॉक्टरी औषधांनी माणसे मरत नाहीत काय?” हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. मरतात! वॉर्फरिनसारखे दुष्ट औषध शोधून सापडणार नाही. दाजींचा त्या रात्रीचा अर्धा गुन्हेगार तेच होते. फरक इतकाच, की त्याची गोळी किती मिलिग्रॅमची ते तिच्या पाकिटावर छापलेले असते, ते जास्त झाले की कळण्याची तपासणी आहे आणि उलटवण्याचा उतारा आहे. त्या गुप्त मुळीवर यांपैकी काय आहे? डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. “आणखी काही काढा-चूर्ण घेता का?” हे सहा शब्द न रागावता विचारायला कोणते यंत्र लागते? रोगी लपवतो तो भीतीने, आणि ती भीती डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून येते.

दाजींचे आता बरे चालले आहे. त्या रात्रीनंतर बहिणीने धास्तीने मेथी-पालक घरातून हद्दपारच केले होते. डॉक्टरांनी ते परत आणवले. बंद नको, एकदम ढीगभरही नको. जेवढी खाता तेवढीच नेमाने खा, त्या मापाने आम्ही गोळी बसवतो, असे त्यांनी सांगितले. म्हणून आता ठरल्या दिवशी, ठरल्या वाटीने मेथी, आणि वहीत तारीखवार नोंद. उरलेले चूर्ण मी एका बरणीत घालून ठेवले आहे. त्यात काय आहे ते तपासून मिळावे, म्हणून चार ठिकाणी हिंडलो. चारही ठिकाणी एकच उत्तर मिळाले : “यात काय काय असू शकेल ते आधी लिहून द्या, मग ते आहे की नाही ते सांगू.”